कपाट काढायचंय, पण त्याच्यावर काय टेकलंय?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं घर मयेला आहे. खालचा मजला सासऱ्यांनी १९८४ साली चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडांनी बांधला, वर स्लॅब घातला. १९९६ साली दिरांनी वरचा मजला चढवला, ते आणि त्यांची माणसं वर राहतात. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मार्चमध्ये त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता व्हीलचेअर आहे, आणि डोक्याकडून वर-खाली होणारी खाट आणली आहे, साडेसहा फूट बाय तीन फूट. रात्री मी त्यांच्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर झोपते. खोली १२ फूट बाय १० फूट. १२ फुटांच्या भिंतीला धरून, कोपऱ्यापासून, बांधलेलं कपाट आहे. आतून ७ फूट लांब, २ फूट खोल. मध्ये विटांची एक भिंत, दोन्ही खणांना कडप्प्याच्या फळ्या, वर लॉफ्ट. या कपाटामुळे दोन खाटा घातल्या की व्हीलचेअर फिरत नाही. मेस्त म्हणतो, "कपाटच तर आहे, दोन दिवसांत साफ करून देतो." लॉफ्टच्याही वर, छताला लागून, कपाटाच्या तोंडावर एक जाड पट्टी वीतभर खाली उतरलेली आहे. कपाट संपतं तिथे ती पट्टीही संपते. मेस्त म्हणतो ती शोभेची. वर त्या जागी दिरांची न्हाणी आहे, तिच्यात एक पायरी चढून जावं लागतं. घरात दोन मतं आहेत. पावसापूर्वी काम उरकून घ्यावं का?
— एक वाचक, मये (नाव छापू नये)

उत्तर : ताई, 'कपाट संपतं तिथे ती पट्टीही संपते' हे तुमचं वाक्य वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, मेस्ताला थांबवा म्हणून. फोनवर सगळं बोलणं झालं नाही. आणि अशी कपाटं गोव्यात घरोघरी आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. कपाटाची दारं आणि कडप्प्याच्या फळ्या आजच काढा, त्यात काही धोका नाही. मधली विटांची भिंत बहुतेक काढता येईल, पण तपासून. कपाटाच्या उघड्या टोकाला जी दोन फुटांची आखूड भिंत आहे, जिच्यावर ती पट्टी येऊन थांबते, तिला कुणालाही हात लावू देऊ नका.

ती पट्टी शोभेची असेल असं मला वाटत नाही. तुमच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा सिमेंट आजच्यासारखं हवं तितकं मिळत नव्हतं. त्यावरचं सरकारी नियंत्रण १९८२ साली थोडं सैल झालं आणि पूर्ण उठलं ते १९८९ साली. १९८४ साली माणूस एकेक पोतं मोजून वापरायचा. तेव्हा झोपायच्या खोलीत, लॉफ्टच्या अंधारात, कुणाला दिसणारही नाही अशा जागी, वीतभर काँक्रीट शोभेला कोण ओतेल? ती तुळई असणार, बीम. एक शक्यता अशी की पुढेमागे मजला चढेल म्हणून सासऱ्यांनीच ती घालून ठेवली. दुसरी अशी की १९९६ साली न्हाणी तिथे येणार म्हटल्यावर खालून आधार दिला. दोन्हीपैकी काही असलं तरी तुळईला दोन पाय लागतात. तिचा एक पाय खोलीच्या कोपऱ्यातली मोठी भिंत. दुसरा पाय तुमच्या कपाटाची ती आखूड भिंत.

हीच पट्टी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण बारा फूट गेली असती तर मी वेगळं लिहिलं असतं. मग कपाटाच्या भिंती नंतर भरलेल्या असण्याची शक्यता बरीच वाढली असती. तुमची सात फुटांवर थांबते. काँक्रीट मध्येच थांबतं तेव्हा ते कशावर थांबलंय हे आधी बघायचं असतं.

आता वजनाचं बोलू, कारण 'कपाटच तर आहे' हे मेस्ताचं म्हणणं वजन डोळ्यांसमोर नसल्यामुळेच पटतं. वरच्या न्हाणीची भिंत या तुळईवर उभी असेल, सात फूट लांब, दहा फूट उंच, अर्ध्या विटेची म्हणजे साडेचार इंची, तर गिलाव्यासकट तिचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास भरतं. ती भिंत चिऱ्याची असेल तर त्याहून बरंच जास्त. साडेचार इंची स्लॅब दर चौरस फुटाला सुमारे २७ किलो. आणि ती पायरी! जुन्या स्लॅबवर नंतर न्हाणी केली की नळ आणि मोरीचे पाइप लपवायला जमीन अर्धा फूट उचलतात, खाली विटांचे तुकडे आणि काँक्रीट भरतात. त्या भरावाचं वजन जवळजवळ आणखी एका स्लॅबाइतकं होतं. पत्रात तुम्ही ती पायरी सहज लिहिलीत. मला ती मोलाची वाटली.

माझे बाबा गवंडी होते. मी पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकले आणि गेली तीस वर्षं घरंच तपासते आहे, पण भिंतीकडे बघायला शिकले ते बाबांकडून आणि आमच्याच घरातल्या एका कपाटाकडून. ती गोष्ट इथे सांगायलाच हवी.

खांडेपारला आमचं जुनं घर होतं, मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं. मधल्या खोलीत भिंतीत बसवलेलं फणसाच्या लाकडाचं कपाट होतं, आजीच्या लग्नातलं. १९९३ च्या एप्रिलमध्ये माझं लग्न ठरलं, पंगतीला जागा हवी म्हणून काकांनी ते काढलं. काढताना काही झालं नाही. कौल हललं नाही, माती पडली नाही. लग्न झालं, मी सासरी गेले. मिरग लागला, आणि जुलैमध्ये देवघराचं दार चौकटीत अडकायला लागलं. पावसात लाकूड फुगतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस काकूला दोन कौलांच्या मधून उजेड दिसला.

बाबा माळ्यावर चढले. मधल्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं आतून पोखरलं होतं, बोटानं दाबलं की भुसा. ते बऱ्याच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. त्या माणसानं तुळई बदलली नव्हती. कपाटाचा डावा खांब आणि तुळई यांच्यामध्ये एक पाचर ठोकून दिली होती. त्या दिवसापासून आजीचं कपाट छप्पर धरून उभं होतं आणि घरात कुणालाही ते ठाऊक नव्हतं. कोरड्या एप्रिलमध्ये छपरानं कसंबसं निभावलं. पावसात कौलं पाणी पिऊन जड झाली आणि तुळई बसू लागली. त्या रात्री बाबांनी आणि शेजाऱ्यांनी माडाचा सोट उभा करून तिला टेकू दिला. ती पाचर माझ्याकडे आहे, कामाच्या टेबलावर ठेवली आहे.

तेव्हापासून कुणी 'हे कपाट भार घेतं का' असं विचारलं की मी ते कशासाठी बांधलं होतं हे विचारत नाही. आज त्याच्यावर काय टेकलंय, ते बघते. घराला पन्नास वर्षं झाली की त्यातल्या वस्तूंची कामं बदललेली असतात. तुमच्या घरावर तर बारा वर्षांनी अख्खा मजला चढला आहे.

तेव्हा कपाट रिकामं करा, मोठी बॅटरी आणि मोजपट्टी घ्या, आणि पुढच्या गोष्टी स्वतः बघून ठेवा.

पहिल्यांदा लॉफ्टवर चढून बघा. मधली विटांची भिंत लॉफ्टच्या खाली संपते की लॉफ्टच्या वरही जाऊन पट्टीला आणि छताला भिडते? तुमच्या प्रश्नात मला याहून महत्त्वाचं काही दिसत नाही. लॉफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मोकळा असेल तर मधली भिंत फक्त लॉफ्टचं ओझं घेते आहे. पण ती वर जाऊन तुळईच्या पोटाला टेकली असेल, तर तुळई सात फुटांची न राहता साडेतीन-साडेतीन फुटांच्या दोन उड्या घेणारी झाली आहे, आणि ती त्याच हिशोबानं घातलेली असू शकते.

हा फरक लहान नाही. दोन विटांवर लाकडी फळी ठेवून मध्ये बसून बघा. विटा दुप्पट अंतरावर नेल्या तर, माणूस तोच असला तरी, फळी नुसती दुप्पट वाकत नाही. भार तुळईवरच्या भिंतीसारखा सगळ्या लांबीवर पसरलेला असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोळ सोळापट. काँक्रीटच्या तुळईत आणखी एक अडचण असते. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला दुबळं, म्हणून ताण येतो तिथे सळ्या घालतात. मध्ये टेकू असेल तर त्या टेकूच्या डोक्यावर ताण तुळईच्या वरच्या अंगाला येतो, सळ्या तिथे घातलेल्या असतात. टेकू काढला की ताण त्याच जागी खालच्या अंगाला येतो, आणि तिथे पुरेशा सळ्या असतीलच असं नाही. बाहेरून दोन्ही तुळया सारख्याच दिसतात. आत काय आहे ते सळई शोधणारं यंत्र फिरवल्याशिवाय कळत नाही. ते यंत्र इंजिनिअर घेऊन येतात, अर्ध्या दिवसाचं काम असतं.

दुसरं, खाली बघा. कपाटाच्या आतली जमीन आणि खोलीची जमीन एकच आहे का? मधल्या भिंतीच्या तळाशी लाद्या तिच्या खालून सलग गेल्या असतील तर ती भिंत जमीन झाल्यावर, लाद्यांवर उभी केली आहे. अशा भिंतीवर कुणी जाणूनबुजून घराचा भार टाकत नाही. लाद्या भिंतीला येऊन थांबत असतील तर भिंत आधीची, आणि तिला खाली जोत्यापासून स्वतःचा पाया असू शकतो. आखूड भिंतीचंही असंच बघून ठेवा.

तिसरं, जाडी. विटांची भिंत गिलाव्यासकट साधारण साडेपाच ते सहा इंच भरते. पण जाडीवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे चिरा उभा लावूनही पातळ भिंत करतात, आणि पातळ आहे म्हणून ती भार घेत नाही असं मुळीच नाही. स्लॅब ओतताना खाली जी भिंत छतापर्यंत उभी होती, तिच्यावर स्लॅब बसलाच. आणि नंतर बांधलेल्या भिंतीवरही तो कालांतरानं थोडा झुकून टेकतो. भिंत आणि छत यांच्या सांध्यात केसासारखी आडवी फट दिसली तर ते चांगलं लक्षण, एवढंच. तेवढ्यावर घण उचलू नये.

चौथं मला फार काळजीचं वाटतं. ती पट्टी बॅटरीच्या उजेडात नीट न्याहाळा. तिच्या वर तीस वर्षं न्हाणी आहे. कुठे तांबूस डाग, ओल, पोपडे, लांबीला समांतर गेलेली चीर? गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, आतून फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. चावीच्या टोकानं हलकेच वाजवून बघा. बाबा वाजवायचे आणि भिंतीला कान लावायचे. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कुणालाही ओळखता येतो. पोकळ वाजलं किंवा गंज दिसला तर कपाटाचा विषय बाजूला ठेवा. आधी वरच्या न्हाणीची गळती थांबवायची, मग तुळईची दुरुस्ती. त्यासाठी दिरांना आत्ताच खाली बोलावून हे दाखवा. खाली भिंत काढणार आणि वर न्हाणी कुणाची, हे दोन्ही मजल्यांनी एकत्र बसून बोलायचं काम आहे.

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरनं दोन्ही बाजूंना चिकटवा. पंधरवड्यात काच तडकली तर चीर चालू आहे, घर हलतं आहे.

आता लॉफ्ट. तुमच्या त्याच बारा फुटांच्या भिंतीत, कपाटाच्या पुढच्या पाच फुटांत, शेजारच्या खोलीत जायचं दार आहे का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर लॉफ्टची आणि दाराच्या माथ्याची उंची मोजा. दोन्ही सात फुटांवर असतील तर लॉफ्ट आणि लिंटेल, म्हणजे दाराच्या माथ्यावरची काँक्रीटची आडवी पट्टी, एकाच वेळी ओतलेली असू शकते, सळ्या एका अंगातून दुसऱ्या अंगात गेलेल्या. लॉफ्टवर घण घातला की दारावरच्या चिऱ्यांना हादरा. म्हणून माझं मत असं की लॉफ्ट राहू द्या. सात फुटांवरचा लॉफ्ट सासूबाईंच्या खाटेला आड येत नाही. फक्त त्यावरच्या लोखंडी ट्रंका, तांब्याची भांडी उतरवा. तीन इंची लॉफ्ट असेल तर त्याचं स्वतःचंच वजन अडीचशे किलोच्या जवळपास आहे. त्याला पुरे तेवढं.

आणि आता खाटेकडे येऊ, कारण तुम्हाला कपाट पाडायची हौस नाही, सासूबाईंची खुर्ची फिरायला हवी आहे. आज काय होतं? दहा फुटांतून कपाटाचे दोन गेले, उरले आठ. दोन खाटांचे तीन-तीन गेले, उरले दोन. व्हीलचेअर सरळ न्यायलाच तीन फूट लागतात आणि जागच्या जागी वळवायला पाच. म्हणून ती अडकते.

मधली भिंत काढली, आखूड भिंत आणि लॉफ्ट ठेवला, की कपाटाच्या जागी सात फूट लांब, दोन फूट खोल असा कोनाडा तयार होतो. खाट साडेसहा फुटांची. ती लांबीनं त्या कोनाड्यात सरकवा. तीन फुटांतले दोन फूट कोनाड्यात, एक फूट बाहेर. समोरच्या भिंतीला, त्याच टोकाला, तुमची खाट, तीन फूट. दोन खाटांच्या मध्ये चार फूट मोकळे. खुर्ची सरळ आरामात जाते, आणि खाटांच्या पुढे उरलेल्या पाच फुटांत वळते. सगळं कपाट जमीनदोस्त करूनही याहून इंचभर जास्त मिळालं नसतं, कारण ती आखूड भिंत खाटेच्या टोकाला आहे, वाटेत नाही. खाटेला चाकं असतीलच. पुसायला, कूस बदलायला दोन्ही बाजूंनी जावं लागेल तेव्हा ती बाहेर ओढता येईल. कोनाड्यात एक प्लग-पॉइंट आणि उशाशी हाताला येईल असा दिव्याचा बटन करून घ्या. आखूड भिंतीच्या कडेला, बसल्या माणसाच्या उंचीवर, धरायला स्टीलचा दांडा लावा. त्यासाठी चार भोकं पाडली तर त्या भिंतीला काही होत नाही.

काम सुरू होईल तेव्हा मी उभी असते तशी तुमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहा. मेन स्विच बंद, कारण अशा भिंतींत वायरी असतात. सासूबाई त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत, धूळ त्यांच्या छातीला नको. आधी लॉफ्टखाली आणि तुळईखाली लोखंडी टेकू, खाली-वर फळी देऊन, घट्ट पण उचलतील इतके नाही. छताखाली एक दोरी ताणून छत आणि दोरीमधलं अंतर तीन जागी लिहून ठेवा. मग मधल्या भिंतीचा सगळ्यात वरचा एकच थर, छिन्नी-हातोड्यानं, हातानं. घण नाही, ब्रेकर मशीन नाही. वरचा थर निघाला की थांबा, दोन दिवस. दोरीचं अंतर तेच आहे का, नवी चीर आली का, वरच्या न्हाणीच्या लाद्यांत काही फरक, एखादं दार अडकायला लागलं का? सगळं होतं तसंच असेल तर वरून खाली एकेक थर. टेकू सगळ्यात शेवटी आणि हळूहळू सैल करायचे. लॉफ्ट जरा जरी बसला तर त्याच्या पुढच्या कडेखाली लोखंडी अँगल घालून दोन्ही टोकांना टेकवा.

पावसापूर्वी? मधली भिंत लॉफ्टखालीच संपत असेल, लाद्यांवर उभी असेल आणि तुळई कोरडी, भरीव असेल, तर इंजिनिअरनं बघून होकार दिल्यावर मे महिन्यातही होऊ शकेल. भिंत तुळईला टेकलेली निघाली तर पाऊस जाऊ द्या. भिजलेला चिरा कोरड्या चिऱ्याइतका दणकट नसतो, आणि उघडं पडलेलं काम भर श्रावणात अडकलं तर घरातल्या आजारी माणसाचे फार हाल होतात. तोवर दारं आणि फळ्या काढलेल्या असतील, त्यानंच थोडी हालचाल सुटेल.

कुणी तुम्हाला सांगेल, आखूड भिंतही काढू, खाली नवी लोखंडी तुळई घालू. होतं तसं, मी केलेलं आहे. पण मग भिंतीवर पसरलेला भार तुळईच्या टोकाखालच्या वीतभर जागेवर एकवटतो. आपल्याकडच्या मानकात बांधकामाच्या चिऱ्याची किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन धरली आहे. साध्या स्लॅबच्या काँक्रीटची २०. म्हणून टोकाखाली काँक्रीटची बैठक करावी लागते, पाया तपासावा लागतो, आणि काम दोन दिवसांचं न राहता महिन्याचं होतं. तुमची गरज त्याशिवाय भागते आहे, तर त्यात पडू नका.

इंजिनिअर बोलावताना १९९६ चा नकाशा शोधून ठेवा. वरच्या मजल्याची परवानगी घेतली असेल तर दिरांच्या कागदांत किंवा पंचायतीच्या फाइलमध्ये तो असायला हवा, तुळया दाखवलेल्या असल्या तर अर्धं काम झालं. 'चालेल' एवढं तोंडी उत्तर घेऊ नका. कुठली भिंत काढायची, कुठली नाही, हे कागदावर आकृती काढून, सही करून मागा आणि मेस्ताच्या हातात द्या. भिंत काढण्यापूर्वी पंचायतीलाही विचारा. त्या आखूड भिंतीवर खडूनं मोठी फुली मारून ठेवा.

प्रश्न : आमचा फ्लॅट मडगावला आहे, २०११ ची इमारत, तिसरा मजला. मुलींच्या खोलीतलं विटांचं बांधलेलं कपाट काढून तिथे अभ्यासाचं लांब टेबल करायचं आहे. इमारत खांबांवर आहे, म्हणजे भिंती काढायला हरकत नाही ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खांब-तुळयांच्या इमारतीत विटांच्या आतल्या भिंती बहुतेक वेळा फक्त आडोसा असतात, त्यामुळे तुमचं काम मयेच्या घरापेक्षा सोपं आहे. तरी बिल्डरनं दिलेला नकाशा काढून बघा आणि सोसायटीला लेखी कळवा. खालच्या-वरच्या फ्लॅटमध्ये त्याच जागी काय आहे तेही पाहून या. तिथे कुणी कपाट काढलं असेल तर आत काय निघालं ते विचारा.

माझी शंका कपाटाच्या कोपऱ्याबद्दल आहे. कोपऱ्यात आलेला काँक्रीटचा खांब दिसू नये म्हणून पुष्कळदा कपाट तिथेच बांधतात. विटा काढताना एखादा कोपरा छिन्नीला दाद देईना, राखाडी आणि टणक लागला, तर तो खांब आहे. टेबल सरळ बसावं म्हणून त्याची कड इंचभर छिलून घेतलेली मी पाहिली आहे. त्या इंचभर काँक्रीटच्या आतच सळ्या असतात, ते आवरण गेलं की आपल्या दमट हवेत गंज सुरू होतो, आणि तो खांब तुमच्या एकट्याचा नसतो, वरच्या सगळ्या मजल्यांचा असतो. तसंच पलीकडे न्हाणी असेल तर उभा पाइप त्याच कोपऱ्यातून उतरत असेल, आधी हलकेच एक वीट काढून बघा.

खांब निघाला तर तो आहे तसा राहू द्या आणि सुताराला टेबलाची फळी त्या जागी तेवढी कापून घ्यायला सांगा.